दूधवाला मालकंस

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सदाशिव पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावर सातआठ माणसं जमतात. लिफ्ट नाही, त्यामुळे पहिली पाच मिनिटं धाप टाकण्यात जातात. सतरंजी अंथरलेली असते, गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन खुर्च्या असतात, आणि एरवी ॲम्प्लिफायरवर बसणारा पितळी गणपती त्या दिवसापुरता कपाटावर गेलेला असतो. यजमान म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. चहा आधीच होतो. मध्ये कपबशी वाजलेली त्यांना चालत नाही.

"बोला, सध्या काय ऐकताय?" काका विचारतात आणि बैठक सुरू होते.

नियम साधे आहेत. महिनाभरात जे सगळ्यात जास्त ऐकलं त्यातलं वीस मिनिटांपर्यंतचं काहीतरी आणायचं. वाजत असताना बोलायचं नाही, दादसुद्धा मनातल्या मनात द्यायची. आणि लावण्याआधी चार गोष्टी सांगायच्या: कोण, काय, कधीचं आणि कुणाकडून आलं. चौथी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. काका म्हणाले, "आंबे घेताना विचारता ना, कुठल्या बागेतले म्हणून? मग?"

मी तिथे गेले ती या लेखासाठी. तीन महिने गेले, आणि मधल्या महिन्यात लेखाचा विषय जवळजवळ विसरून गेले.

पहिल्या खेपेला एक डॉक्टरीणबाई होत्या, भूलतज्ज्ञ. "दिवसभर मी लोकांना झोपवते, आणि रात्री केसरबाई मला झोपू देत नाहीत," असं म्हणून त्यांनी केसरबाई केरकरांची भैरवी लावली. साडेतीन मिनिटांची, जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूत मावणारी. या भैरवीची कथा बऱ्याच जणांना अर्धी माहीत असते. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने असलेली सोनेरी तबकडी आहे, आणि त्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आहेत. उरलेली अर्धी कथा डॉक्टरीणबाईंनी सांगितली. ही भैरवी घ्या, असं रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने सुचवलं खरं, पण रेकॉर्ड कुठे मिळेना. तबकडीचं काम बघणाऱ्या ॲन ड्रुयान न्यूयॉर्कमधली दुकानं पालथी घालत होत्या. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती निघाल्या. फोडलेल्याही नव्हत्या.

म्हणजे सूर्यमालेबाहेर निघालेली भैरवीसुद्धा अशीच गेली. कुणीतरी कुणाला सांगितलं, ऐका म्हणून, आणि मग खोक्यात हात घालावा लागला. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ला वारल्या. व्हॉयेजर-१ निघून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

रेकॉर्ड संपली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आणि यांच्या गुरूंचा एक सूर नाही." अल्लादियाखाँसाहेबांबद्दल ते बोलत होते. खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते, म्हणजे रेकॉर्डचा धंदा भारतात चांगला चाळीस वर्षांहून जुना झाला होता, तरी त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. अख्खी जयपूर गायकी ज्यांच्या गळ्यातून निघाली त्यांचा आवाज कसा होता, हे आपण केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांना ऐकून अंदाजाने ताडायचं. नाव आहे, आवाज नाही.

याच्या उलट टोकाला गौहरजान. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गाईसबर्गने तिची ध्वनिमुद्रणं केली. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, पण त्यात गंमत कमी आणि कामकाज जास्त होतं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हानोफरहून. तिथल्या कामगाराला हे गाणं कुणाचं हे कळावं आणि योग्य लेबल चिकटावं, म्हणून नाव आवाजातच ठेवलेलं. एकशेवीस वर्षांनंतर तिची फाईल कुठल्याही चुकीच्या नावाने फिरली तरी तिसऱ्या मिनिटाला ती स्वतःच दुरुस्ती करते. बाकीच्यांना ती सोय नव्हती.

दुसऱ्या खेपेला खरी जुंपली ती अब्दुल करीमखाँसाहेबांच्या झिंझोटीवरून. ही रेकॉर्ड ऐकून भीमसेन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा गदगहून घर सोडून निघाला, हे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाठ आहे. एक निवृत्त मास्तर ती मोबाईलवरून स्पीकरला जोडून वाजवायला लागले आणि पहिल्या दहा सेकंदांत काकांनी कपाळाला हात लावला. नियम त्यांचाच, त्यामुळे संपेपर्यंत गप्प बसावं लागलं. संपल्यावर म्हणाले, "मास्तर, पट्टी चढलीय हो. खाँसाहेबांचा आवाज बारीक होता, पण इतका नव्हे."

मग त्यांनी पेटी काढली. मोबाईलवर हीच झिंझोटी आणखी दोन जणांनी टाकलेली सापडली. तिन्ही लावल्या तर तीन वेगळे षड्ज. एक पांढऱ्या पट्टीवर बसला, एक तिच्या वरच्या काळीवर, आणि तिसरा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. तबकडी जितकी जोरात फिरेल तितका सूर वर जातो. हिशेब सांगायचा तर वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की गाणं एक पट्टी चढतं. ७८ची रेकॉर्ड ८३च्या आसपास फिरवली की झालं काम. आवाज पातळ होतो, तान चपळ वाटते, आणि ऐकणारा म्हणतो, काय तयारी होती बुवा. त्यातली थोडी तयारी मोटरची असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या रेकॉर्डी तर मुळात ठरावीक वेगाने कापलेल्याच नसत, त्यामुळे यंत्र बरोबर असलं तरी गाणं बरोबर असेल याची हमी नाही.

"मग खरं कुठलं?" मास्तरांनी विचारलं. ते जरा दुखावले होते.

काकांचं उत्तर मला आवडलं. साथीला पेटी असली तर षड्ज कुठल्या तरी पट्टीवर यायला हवा, कारण पेटीला फटीत वाजता येत नाही. म्हणून फटीत बसणारी नक्की चूक. उरलेल्या दोन्हींतली कुठली, ते तंबोऱ्याच्या जवारीवरून आणि तबल्याच्या आवाजावरून. वेग वाढला की तबला डब्यासारखा वाजायला लागतो. एवढं करूनही शंभर टक्के सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी पेटीचा भाता बंद केला. तासभर गेला होता आणि त्या दिवशी निम्म्या लोकांचं राहून गेलं. तक्रार कुणी केली नाही. करायची सोयही नव्हती.

राहिलेल्यांपैकी एक मात्र हट्टाने थांबला. संगणकात काम करणारा, पंचविशीतला मुलगा. त्याने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स आणले होते, ग्लेन गूल्डने वाजवलेले. एकदा १९५५मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा १९८१मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. पहिलं अडतीस मिनिटांत संपतं, दुसरं एकावन्न मिनिटं घेतं. मुलाने दोन्हींची फक्त सुरुवातीची धून वाजवली. आधी दोन मिनिटांच्या आत, मग तीन मिनिटांच्या वर. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "हा मागे गुणगुणतोय कोण?" मुलगा म्हणाला, तोच, वाजवणारा, त्याला राहवायचं नाही. "आणि कंपनीने ठेवलं तसंच?" ठेवलं. काका खूश झाले. "आणि वय झाल्यावर बढत करायला लागला. आपल्याकडेही तसंच होतं."

हे गुणगुणणं, खोकणं, खुर्ची सरकणं याला या लोकांत एक वेगळीच प्रतिष्ठा आहे. खासगी बैठकीतल्या ध्वनिमुद्रणांना तारीख नसते, ठिकाण नसतं, एकाच गायकाचे आठ दरबारी फिरत असतात. मग ओळख पटवायची कशी? तर मागच्या आवाजावरून. काकांनी बोटांवर मोजून दाखवले: लोकलवाला शुद्धकल्याण, ज्यात विलंबितात गाडी धडधडत जाते. खोकलेवाला दरबारी. "परत एकदा" म्हणणाऱ्या माणसाची भैरवी. कुत्रावाला ललत. दूधवाला मालकंस. मी हसून सगळे वहीत टिपून घेतले.

ध्वनिमुद्रणांच्या या देवघेवीची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगायला हवी. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. तेव्हा दर शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा. ज्याच्या घरी स्पूलचं यंत्र, त्याच्या घरी शनिवारी गर्दी. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत असते. सेकंदाला पावणेचार इंच वेगाने एका बाजूला चौसष्ट मिनिटं मावतात. साडेसात इंच वेगाने आवाज उत्तम येतो, पण बत्तीस मिनिटांत फीत संपते, आणि फीत महाग. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यमवर्गीय रसिकांनी गुणवत्ता आणि काटकसर यांत काटकसर निवडली. नंतर कॅसेट आली. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस, आणि द्रुत नेमका सेहेचाळिसाव्या मिनिटाला रंगात येणार, हा निसर्गनियम. कॅसेट काढून, उलटून, बटण दाबेपर्यंत गेलेले ते वीस सेकंद कुणालाच परत मिळाले नाहीत.

ही कॅसेट मग हातोहात जायची. सांगलीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून दादर, दादरहून न्यू जर्सी. देणारा बजावायचा, "पुढे द्यायची नाही हं." हे शब्द जिच्याबरोबर आले नाहीत अशी एकही कॅसेट माझ्याकडे नाही, आणि पुढे गेली नाही अशीही नाही. प्रत्येक प्रतीबरोबर सरसर वाढायची, आवाज एक पदर मागे सरकायचा. पाचव्या प्रतीला तंबोरा गळायचा. काही जण अजिबात द्यायचे नाहीत. त्यांच्याविषयी लोक आदराने बोलतात, मला तो आदर कधी कळला नाही. माणूस गेल्यावर कपाटभर स्पूल रद्दीत जातात, नाहीतर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पोचतात, आणि तोवर फितीला बुरशीचा पांढरा थर चढलेला असतो. दमट हवेने जेवढं संगीत खाल्लं, त्याच्या दुप्पट "देईन की, सावकाश" या उत्तराने खाल्लं असेल.

त्यामानाने ज्यांनी उघड्या हाताने दिलं ते लक्षात राहिले आहेत. पुण्यात सुरेश अलूरकरांनी मैफिलींच्या कॅसेट काढल्या, तेव्हा विकत घेऊन का होईना, सामान्य माणसाला बैठकीचं गाणं बैठकीच्या लांबीत मिळायला लागलं. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये घेण्याआधी ऐकायची सोय होती. न घेता ऐकून जाणारेही भरपूर. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं.

आता सगळं मोबाईलवर आहे. अब्दुल वहीदखाँसाहेब, हिराबाई बडोदेकरांचे गुरू, ध्वनिमुद्रणाला कायम नाखूश. रेडिओवरचे त्यांचे पटदीप, मुलतानी आणि दरबारी तेवढे मागे राहिले. एके काळी ते ऐकायला ओळखी काढाव्या लागत. आज गाडीची वाट बघताना ऐकता येतात. कायद्यानेही वाट मोकळी केली आहे: प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे साठ वर्षं राहतो, त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या जवळजवळ सगळ्याच रेकॉर्डी मुक्त झाल्या. मी या सुबत्तेविरुद्ध कुरकुर करणार नाही, मला तिचा रोज उपयोग होतो. पण सकाळी समूहावर सहा दुवे येतात, "अप्रतिम!" एवढंच लिहिलेलं. कोण, काय, कधीचं, कुणाकडून, यांतलं एकही नाही. मी त्यातला एकही उघडत नाही, पाठवणाऱ्याने तरी ऐकला असेल का ही शंका येते, आणि तरी अंगठा दाखवून मोकळी होते. मधल्या महिन्यात मी असाच एक दुवा पुढे ढकलला. तासाभराने कुणीतरी कळवलं की वर ज्या गायिकेचं नाव आहे तिचं हे गाणंच नव्हे. मी ऐकलं असतं तर पहिल्या आलापात कळलं असतं.

त्या आठवड्यात मी आमच्या अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, स्पूल बाहेर काढले.

सांगलीत गावभागात आमचं घर होतं. अण्णांचं स्पूलचं यंत्र जड, जर्मन बनावटीचं, सेकंडहँड. रेडिओला तार जोडायची कटकट नको म्हणून ते सरळ रेडिओसमोर पाटावर माइक ठेवायचे आणि शनिवारी रात्री घरात संचारबंदी लागायची. अण्णा गेल्यावर अकरा स्पूल माझ्याकडे आले आणि चाळीस वर्षं एका ट्रंकेत राहिले. वाजवायला चालू यंत्र नव्हतं. अण्णांच्या यंत्राचा पट्टा केव्हाच विरघळून चिकट काळी राब झाला होता. शेवटी मुंबईत चालू यंत्र असलेला एक जण मिळाला. त्याने फीत मऊ कापडाने पुसत पुसत एकेक स्पूल संगणकावर उतरवून दिला. चार फुकट गेले होते. सात वाजले.

खोक्यांवर अण्णांच्या झरझरीत अक्षरात फक्त राग आणि वार. "मालकंस. शनिवार." कलाकाराचं नाव कुठल्याच खोक्यावर नाही. त्यांना माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. आणि सुरुवातीचं निवेदन टेप करण्यात फीत कशाला घालवायची, म्हणून वादन सुरू झाल्यावरच बटण दाबलेलं. शेवटचं निवेदन यायच्या आत चौसष्ट मिनिटं संपलेली.

मालकंस सतारीवर होता. मी रात्री कानाला लावून ऐकत होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला, जोड चढत असताना, स्वच्छ आवाज आला: "अहो, दूध बघा जरा, उतू जातंय!" आणि लगोलग अण्णांचं "शूऽऽ".

आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

तिसऱ्या खेपेला माझी पाळी आली. कोण, ते माहीत नाही. काय, सतार, मालकंस. कधीचं, एका शनिवारचं. कुणाकडून, वडिलांकडून. काकांनी पहिल्या उत्तराला मान हलवली, नापसंतीने. मी तिसाव्या मिनिटापासून लावलं. अकरा मिनिटं झाली, आई बोलली, आणि काकांनी डोळे उघडले. नियम त्यांचाच, त्यामुळे वीस मिनिटं होईपर्यंत ते माझ्याकडे नुसते बघत बसले.

संपल्यावर ते उठून आत गेले आणि एक कॅसेट घेऊन आले. कडेच्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलं होतं: "सतार मालकंस (दूध)". वीसेक वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्यांनी दिलेली, त्यांना मुंबईच्या कुणाकडून मिळालेली. अण्णांनी कुणाला प्रत दिली होती, मला माहीत नाही. "पुढे द्यायची नाही" म्हणाले असणारच.

मग वाजवणारा कोण यावर जुंपली. खरजाची तार स्पष्ट ऐकू येते, तेव्हा विलायतखानी बाज नव्हे, इथवर सगळ्यांचं जमलं. त्यापुढे दोन तट पडले, एक रविशंकर म्हणणारा, एक निखिल बॅनर्जी. मास्तर म्हणाले, षड्ज बघा. मुलगा म्हणाला, षड्जावर जाऊ नका, थांबा. त्याने माझी फाईल संगणकावर उघडली. विजेचा घुमारा सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असतो, तो टेपमध्ये उतरतो आणि टेपबरोबर त्याचा सूरही वर-खाली होतो. इथे दोन घुमारे निघाले. एक बरोबर पन्नासचा, तो मुंबईच्या यंत्राचा. दुसरा साडेएकावन्नचा, तो अण्णांच्या घरातला. म्हणजे अण्णांचं यंत्र तेव्हा सावकाश फिरत होतं आणि आता सगळं तीन टक्के जलद वाजतंय, अर्धी पट्टी वर. त्याने वेग उतरवून पुन्हा लावलं. सतार जरा भरदार झाली. आईचा आवाजही जरा खाली आला, आणि मला एकदम ओळखीचा वाटला. आदल्या रात्रींमध्ये काहीतरी खटकत होतं ते हेच.

वाद मिटला नाही. काकांनी कॅसेटच्या आतला कागद बाहेर काढला, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "आईंचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं, पुढे "सांगली, गावभाग" लिहिलं, आणि वरची ओळ वादकासाठी कोरी सोडली.

डॉक्टरीणबाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आणि दुधाचं काय झालं?"

"उतू गेलं असणार," मी म्हटलं. "अण्णा उठल्याचा आवाज टेपवर नाही."